हृदयनिष्फलता : आकलन, निदान व उपचार

प्रस्तावना :
मराठी समाजात ‘हार्ट फेल झाले’ हा शब्दप्रयोग आकस्मिक मृत्यूची वार्ता देण्यासाठी केला जातो. वैद्यकशास्त्रात मात्र हृदयनिष्फलता म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदय चालू असते, परंतु शरीराच्या गरजेइतके रक्त पुरेशा क्षमतेने पुढे ढकलू शकत नाही, अशा अवस्थेस ही संज्ञा आहे. शब्दाच्या या गोंधळाचे परिणाम गंभीर आहेत. जो आजार आपण मृत्यूनंतरच ओळखतो, त्याची पूर्वचिन्हे हयातीत कोण शोधणार ? प्रस्तुत लेखात या आजाराचे स्वरूप, निदान व उपचार यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना व कारणे :
तीन अवस्थांमधील भेद प्रथम लक्षात घ्यावा लागतो. हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणारी धमनी अडल्यास हृदयविकाराचा झटका येतो. हृदयाचे ठोके अकस्मात थांबल्यास हृदयक्रिया बंद पडते. हृदयनिष्फलता ही बहुधा महिने-वर्षे हळूहळू वाढत जाणारी अवस्था होय. पूर्वी येऊन गेलेला झटका, दीर्घकाळचा उच्च रक्तदाब, मधुमेह, बालपणीच्या संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपा, स्नायूंचे विकार व अतिमद्यपान ही तिची प्रमुख कारणे आहेत.

या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणाच शरीरावर उलटते. रक्तप्रवाह घटल्याने मूत्रपिंडे पाण्याची उणीव आहे असे समजून मीठ व पाणी धरून ठेवतात. संप्रेरके रक्तवाहिन्या आकुंचित करतात व हृदयाची गती वाढवितात. परिणामी दुबळ्या हृदयावरील भार अधिकच वाढतो.

निदान :
चालताना किंवा जिना चढताना लागणारी धाप, उताणे झोपल्यावर श्वास कोंडणे, मध्यरात्री गुदमरून उठणे, पावलांवर सूज व सततचा थकवा ही मुख्य लक्षणे होत. ‘वयोमानाने होते’, ‘दमा असेल’ असे म्हणून ती दुर्लक्षिली जातात. पूर्वी एका उशीवर झोपणारी व्यक्ती तीन उशा मागू लागली, तर ती बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

शारीरिक तपासणीसोबत हृदयालेख, छातीचा क्ष-किरण व रक्तातील बीएनपी या घटकाची तपासणी केली जाते. तथापि निर्णायक तपासणी म्हणजे इकोकार्डिओग्राफी. डावी जवनिका प्रत्येक ठोक्यास आपल्यातील किती टक्के रक्त बाहेर टाकते, हे तीतून कळते. हे प्रमाण ४० टक्के किंवा कमी असल्यास ते घटलेले, ४१ ते ४९ असल्यास किंचित घटलेले मानतात. ते ५० किंवा अधिक असूनही हृदयनिष्फलता असू शकते, कारण ताठर झालेले हृदय नीट भरत नाही. म्हणून केवळ आकडा चांगला आहे, यावर विसंबून राहू नये.

उपचार :
सूज व धाप कमी करण्यासाठी फ्युरोसेमाइडसारखी मूत्रल औषधे दिली जातात. आयुर्मान वाढविण्यासाठी, विशेषतः रक्त फेकण्याचे प्रमाण घटलेले असताना, चार औषधगट आधारभूत मानले जातात : सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन किंवा तत्सम औषधे, बीटा-ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे आणि डापाग्लिफ्लोझिनचा गट. यांतील बीटा-ब्लॉकर या आजारात एकेकाळी वर्ज्य होते, तर डापाग्लिफ्लोझिन मूळचे मधुमेहाचे औषध आहे. वर वर्णिलेले संप्रेरकांचे दुष्टचक्र तोडणे, हे पहिल्या तीन गटांचे कार्य होय. बरे वाटले म्हणून ही औषधे परस्पर बंद करणे धोक्याचे असते.

निवडक रुग्णांना विशेष पेसमेकर किंवा हृदयरोपणाचा पर्याय असतो. भारतातील पहिले हृदयरोपण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केले. बर्नार्ड यांच्या जगातील पहिल्या रोपणास तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासच जगला. देशातील पहिले यशस्वी रोपण १९९४ मध्ये दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी केले.

आहार व स्वयंदक्षता :
गव्हाण व पनवेल-उरण परिसर हा खाडीकाठचा, मिठागरांचा प्रदेश. सुके बोंबील, सुकट, खारवलेली मासळी, पापड व लोणची येथील आहारात रुजलेली आहेत. या रुग्णांसाठी हे छुपे मीठच ठरते. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने तो सुरक्षित पर्याय नव्हे. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या अनेक वेदनाशामक गोळ्याही शरीरात पाणी साठवितात. रुग्णाने रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाल्यास, सूज दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांशी संपर्क साधावा.

समारोप :
हृदयनिष्फलता हा गंभीर आजार असला, तरी तो मृत्यूचा समानार्थी शब्द नाही. वेळेवर निदान झाल्यास अनेक रुग्ण दीर्घकाळ कार्यक्षम जीवन जगू शकतात. त्यासाठी साधा वजनकाटा, नियमित औषधे व जागरूक कुटुंब यांची गरज असते. प्राध्यापकवर्गाने वर्गात, स्टाफरूममध्ये व घरी या संज्ञेचा योग्य अर्थ रुजविला, तर वडीलधाऱ्यांची धाप ‘वयोमान’ म्हणून सोडून दिली जाणार नाही, असे वाटते.