देवळालीच्या मास्तरांचे गणित आणि नवशिक्याची आज्ञावली

संगणकाला आज्ञा कशा द्याव्यात हे शिकू पाहणाऱ्या मुलांच्या तोंडून एक वाक्य आम्ही वारंवार ऐकत आलो आहोत: ‘आमचे इंग्रजी कच्चे, आम्हांला हे जमायचे नाही.’ अड्याळला आज येथे जमलेल्यांपैकी कित्येकांच्या घरीही ते बोलले जात असेल. वस्तुतः पायथन या भाषेत, जी हल्ली नवशिक्यांना प्रथम शिकवतात, राखीव शब्द अवघे ३५ आहेत आणि त्यांतले दहा-बारा पहिल्या वर्षाला पुरतात. एवढे शब्द पाठ करणे हे सातवीच्या मुलालाही अवघड नाही. अडचण आहे हे खरे. पण ती इंग्रजीची नव्हे.

रोवणीच्या दिवसांत बांधीत पाणी घ्यायचे असते, तेव्हा घरधनी गड्याला एवढेच सांगतो, ‘पाणी झाले की धुरा बुजव.’ पाणी झाले म्हणजे किती झाले, ते कोठे पाहून ठरवायचे, पाणी आलेच नाही तर किती वेळ उभे राहायचे, यांतले काहीच तो बोलत नाही. बोलण्याची गरजही नसते, कारण गडी जाणता असतो. संगणक हा असा जाणता गडी नाही. तो थकत नाही, कुरकुरत नाही, सांगितलेले अक्षरशः करतो. परंतु न सांगितलेले त्याला कधीच कळत नाही. आपण बोलताना जे गाळतो ते हुडकून काढून क्रमाने मांडणे, यालाच आज्ञावली लिहिणे म्हणतात. हे काम मराठीतून विचार करूनच उत्तम होते, असे आमचे मत आहे.

हे दाखवायला आपल्याच एका मास्तरांचे गणित आम्ही घेणार आहोत. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. शिक्षण ठाणे आणि पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज येथे. मुंबई विद्यापीठाची पदवी १९२९ ची. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीस शाळामास्तर होते. पुढची मोठी पदवी त्यांच्याजवळ नव्हती आणि देशातल्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांचे संख्यांचे खेळ क्षुल्लक मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि नाव जगभर गेले. आज कापरेकरांचे गणित देशोदेशींच्या नवशिक्यांना आज्ञावलीचा सराव म्हणून घातले जाते.

गणित असे. चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून एक संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून दुसरी करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. जी बाकी येईल तिच्यावर पुन्हा तेच करावे. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. १९०५ चे अंक मांडले की ९५१० वजा ०१५९, बाकी ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९, बाकी ८१७२. मग क्रमाने ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले तर पुन्हा ६१७४ च! कोणतीही संख्या घ्या, सातच्या आत किंवा सातव्या खेपेला ती येथे पोहोचतेच. हे त्यांनी १९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. त्या साली भारतात एकही इलेक्ट्रॉनिक संगणक नव्हता. सारे काम कागद-पेन्सिलीचे होते.

वाचायला हे इतके सोपे, की मूल म्हणते, ‘समजले, लिहितो.’ आणि पहिल्याच आज्ञेशी अडते. ‘अंक उतरत्या क्रमाने मांड’ हे आपण डोळ्यांनी करतो. कसे करतो ते कधी स्वतःलाही विचारलेले नसते. यंत्राला ते असे सांगावे लागते: शेजारचे दोन अंक पाहा, डावीकडचा लहान असेल तर अदलाबदल कर, मग पुढची जोडी पाहा. चार अंकांवर अशा तीन फेऱ्या मारल्या की ते हमखास उतरत्या क्रमाने लागतात. ‘असेल तर’ ही अट झाली आणि ‘फेऱ्या’ हे आवर्तन झाले. आज्ञावलीतले दोन मोठे विषय या एका ओळीत येऊन गेले.

राहिली अदलाबदल. तिच्यात भलेभले फसतात, म्हणून येथे जरा थांबू. संगणकाच्या स्मृतीत नाव दिलेले डबे असतात असे समजा. ‘अ’ डब्यात १ आहे, ‘ब’ डब्यात ९ आहे. मूल लिहिते: ‘अ’ मध्ये ‘ब’ मधले ठेव, मग ‘ब’ मध्ये ‘अ’ मधले ठेव. पहिल्या आज्ञेने ‘अ’ मध्ये ९ गेले आणि तेथला १ पुसला गेला. दुसऱ्या आज्ञेने ‘ब’ मध्ये ‘अ’ मधले, म्हणजे ९ च, परत आले. दोन्हीकडे नऊ, आणि एकाचा पत्ता नाही. एका तांब्यात दूध, दुसऱ्यात ताक असेल आणि त्यांची अदलाबदल करायची असेल, तर घरातली कोणतीही बाई न शिकवता तिसरे भांडे घेते. येथेही तेच: ‘अ’ मधले आधी ‘क’ मध्ये ठेवायचे. (पायथनमध्ये हे एका ओळीत करण्याची सोय आहे; पण ज्याने तिसरे भांडे एकदा हाताळलेले नाही त्याने ती सोय वापरू नये, एवढा आमचा हट्ट आहे.)

दुसरा खड्डा शून्याचा. २१११ घ्या. २१११ वजा १११२, बाकी ९९९. कागदावर आपण ती ०९९९ समजून पुढे जातो: ९९९० वजा ०९९९, बाकी ८९९१, तेथून ८०८२, ८५३२ आणि ६१७४. यंत्राच्या लेखी मात्र ९९९ ही तीन अंकी संख्या. ते ९९९ मधून ९९९ वजा करते आणि शून्य देते. मूल म्हणते, कापरेकर चुकले! चुकले कोणीच नाही. ‘चार जागा भरेपर्यंत पुढे शून्य लाव’ हे सांगायचे राहिले, इतकेच.

तिसरा खड्डा थांबण्याचा, आणि तो सर्वांत खोल. ‘६१७४ येईपर्यंत करीत राहा’ ही आज्ञा योग्य वाटते. पण कोणी ११११ दिले तर? पहिल्याच खेपेस शून्य, मग शून्यातून शून्य, आणि यंत्र दिवसरात्र वजाबाकी करीत बसेल. म्हणून आधीच तपासायचे की सर्व अंक सारखे नाहीत ना. एवढ्यावर समाधान मानणाऱ्या मुलांना आम्ही दोन अंकी संख्या देऊन पाहतो. ९० वजा ०९, बाकी ८१. मग ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१. येथे स्थिर संख्या नाहीच, नुसता घाण्याचा बैल आहे. तीन अंकांत तो ४९५ वर थांबतो, दोन अंकांत थांबत नाही. तेव्हा ‘अमुक संख्या आली की थांब’ असे न सांगता ‘आधी येऊन गेलेली संख्या परत आली की थांब’ असे सांगावे लागते, आणि त्यासाठी आलेल्या संख्यांची यादी ठेवावी लागते. यादी कशाला हवी हे आता मुलाला शिकवावे लागत नाही.

घरी संगणक नाही ही तक्रार खरी आहे. तथापि वरचे सारे वहीत होते. डाव्या बाजूस आज्ञा लिहाव्यात, उजवीकडे अ, ब, क असे रकाने आखावेत, आणि आपणच अडाणी यंत्र होऊन एकेक आज्ञा पाळीत रकाने भरावेत. पुस्तकातली आज्ञावली जशीच्या तशी उतरवून काढण्याची जी चाल काही ठिकाणी पडली आहे, तिच्याने अक्षर सुधारत असेल. बाकी काही साधत नाही. यंत्र हाती आले की त्याचा खरा उपयोग दिसतो: सारखे अंक वगळून उरणाऱ्या ९९९० संख्या ते डोळ्याचे पाते लवेपर्यंत तपासून ‘सर्व ६१७४ ला पोहोचतात’ असे सांगते.

घरी करून पाहण्यासाठी कापरेकरांचेच दुसरे एक गणित देतो. संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवा: २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८ झाले, म्हणजे २८ ला २३ ने जन्म दिला. ज्या संख्येला असा जन्मदाता नाही तिला त्यांनी स्वयंभू म्हटले. १ ते १०० डबे मांडावेत, प्रत्येक संख्येकडून जन्मणारी संख्या खोडावी, उरतील त्या स्वयंभू. अंक सुटे करायला दहाने भागावे: ३८ ला भागले की बाकी ८ हा शेवटचा अंक, भागाकार ३ हा त्याच्या आधीचा. दोन ठिकाणी जपावे. ९५ कडून १०९ जन्मते, आणि त्या क्रमांकाचा डबाच आपल्याजवळ नाही. तेथे अट घातली नाही तर यंत्र चूक दाखवून थांबेल. शिवाय पायथनमध्ये ‘१ पासून १०० पर्यंत’ या अर्थाने १ आणि १०० दिले की मोजणी ९९ लाच संपते. शंभर हात धुऱ्यावर दहा-दहा हातांवर खांब रोवायचे तर दहा लागत नाहीत, अकरा लागतात. ही त्याच जातीची चूक आहे.

नीट केले तर तेरा संख्या उरतात: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. नऊपासून पुढे प्रत्येक वेळी अकराची वाढ पाहून मूल आनंदाने नियम सांगते. त्याला लगेच अडवू नये. डबे दोनशे करायला सांगावे. ९७ नंतर १०८ येते आणि नियम खरा वाटतो. त्यानंतरची स्वयंभू संख्या ११९ नव्हे, ११० आहे.