घरची बिस्किटं आणि नाताळचं ताट

बिस्कीट खाल्लं नाही असा माणूस आज गावात सापडायचा नाही. पाहुणा आला की चहासोबत बशीत बिस्किटं येतात. पोर रडलं की दुकानातून पुडा आणतात. पण बिस्कीट घरीही करता येतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. "ते कारखान्यातच होतं, त्याला मोठी भट्टी लागते," असं आपण म्हणतो.

खरं पाहिलं तर बिस्किटाला लागतं काय? पीठ, तूप आणि साखर. या तिन्ही वस्तू आपल्या माहितीच्या आहेत. भट्टीचं काम घरचं जाड पातेलं करू शकतं. ते कसं, हे या पाठात पाहू. ही बिस्किटं नाताळात का करतात आणि कोणाला वाटतात, तेही पाहू.

नाताळ म्हणजे काय?

नाताळ हा ख्रिस्ती लोकांचा मोठा सण. तो दर वर्षी 25 डिसेंबरला येतो. या दिवशी येशू ख्रिस्ताचा जन्म झाला, असं मानून हा सण करतात.

बायबलात या जन्माची कथा आहे. येशूचे आईबाप बेथलेहेम गावी गेले होते. तिथे त्यांना उतरायला जागा मिळाली नाही. बाळ जन्मलं तेव्हा त्याला गव्हाणीत निजवलं. आपण बैलापुढे कडबा टाकतो, तीच ही गव्हाण. जन्माची बातमी पहिल्यांदा कळली ती रानात मेंढरं राखणाऱ्यांना. म्हणून नाताळात गोरगरिबाची आठवण ठेवावी, असं ख्रिस्ती लोक मानतात.

काहींना वाटतं, नाताळ हा साहेबाचा सण. तसं नाही. आपल्या मराठी मुलखात हा सण पुष्कळ वर्षांचा आहे. धाड गाव बुलढाण्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. तिथून पुढे जालना जिल्हा लागतो. जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही ख्रिस्ती कुटुंबं आहेत. त्यांची बोली आपलीच आहे. नारायण वामन टिळक या कवींनी ख्रिस्ती लोकांसाठी मराठीत भजनं लिहिली. ती आजही देवळात म्हटली जातात. टाळ, पेटी, तबला, सगळं आपल्या भजनासारखंच.

नाताळ जवळ आला की मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या, शंकरपाळी, चिवडा, लाडू होतात. जोडीला केक, नानखटाई, बिस्किटं असतात. दाराशी चांदणी टांगतात. तरुण पोरं रात्री घरोघरी जाऊन नाताळची गाणी म्हणतात. दिवाळीच्या आकाशकंदिलाची आणि फराळाची आठवण व्हावी, असाच हा थाट असतो.

बिस्कीट आलं कुठून?

बिस्कीट हा शब्द परदेशातून आला. त्याचा मूळ अर्थ "दोनदा भाजलेलं". आपण चहात टोस्ट बुडवतो ना? तो खरोखरच दोनदा भाजतात. आधी पाव भाजायचा, मग काप करून पुन्हा भाजायचे. सगळं पाणी निघून जातं, म्हणून टोस्ट पुष्कळ दिवस टिकतो. जुन्या काळी जहाजावरचे खलाशी असलीच कडक बिस्किटं खाऊन महिनोन्‌महिने समुद्रावर काढायचे.

नानखटाई हे आपल्या देशातलं बिस्कीट. नान म्हणजे फारसी भाषेत भाकरी किंवा रोटी. सुरतेच्या पारशी भट्टीवाल्यांनी नानखटाईला नाव मिळवून दिलं, असं सांगतात. पुढे ती गावोगाव पसरली. आपल्याकडे कित्येक ठिकाणी सणाच्या आधी बाया घरचं पीठ, तूप, साखर घेऊन भट्टीवर जातात. भट्टीवाला मजुरी घेतो आणि डबाभर बिस्किटं भाजून देतो. दिवाळी असो, ईद असो की नाताळ, भट्टी सगळ्यांची एकच.

ज्या गावात भट्टी नाही, तिथे काय करावं? त्याचीच रीत आता सांगतो.

माप ध्यानात ठेवा

माप फार सोपं आहे. पिठाच्या निम्मं तूप आणि पिठाच्या निम्मी साखर. हे माप वजनाचं आहे, वाटीचं नाही.

पाव किलो, म्हणजे 250 ग्रॅम पीठ घ्या.
आदपाव, म्हणजे 125 ग्रॅम तूप घ्या.
आदपाव, म्हणजे 125 ग्रॅम साखर घ्या. ती बारीक दळून घ्या.
दोन-तीन वेलदोड्यांची पूड, चिमूटभर मीठ आणि दोन चिमटी खायचा सोडा घ्या.

पीठ मैद्याचं चालतं, गव्हाचंही चालतं. गव्हाचं पीठ बारीक चाळून घ्यावं. त्याची बिस्किटं रंगाने काळसर होतात, पण चवीला खमंग लागतात. थोडं बेसन किंवा थोडं ज्वारीचं पीठ मिसळलं तरी चालतं.

एवढ्या सामानात साधारण 25 बिस्किटं होतात.

आधी तूप आणि साखर परातीत घ्या. हाताच्या तळव्याने गोल गोल फेसा. दहा मिनिटं फेसलं की तूप पांढरं आणि हलकं होतं. तूप पातळ झालेलं नसावं, थिजलेलं असावं. नाताळ थंडीत येतो, त्यामुळे तूप आपोआप थिजलेलं असतं.

मग पिठात सोडा, मीठ आणि वेलदोडा घालून पीठ चाळा. ते तुपात थोडं थोडं मिसळा. पाणी घालू नका. गोळा जमत नसेल तर एखादा चमचा दूध घाला. पोळीच्या कणकेसारखं मळू नका. नुसतं गोळा करा आणि थांबा.

लिंबापेक्षा लहान गोळे करा. अंगठ्याने जरा दाबा. ताटलीला तुपाचा हात लावा आणि गोळे दोन-दोन बोटं अंतरावर मांडा. भाजताना ते पसरतात.

पातेल्याची भट्टी

जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या. लोखंडाचं असेल तर उत्तम. त्यात दोन बोटं जाड मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू पसरा. वर एक वाटी पालथी ठेवा. झाकण लावा आणि मध्यम आचेवर दहा-पंधरा मिनिटं तापू द्या.

आता बिस्किटांची ताटली पकडीने धरून वाटीवर ठेवा. ताटली पातेल्याच्या कडेला चिकटू देऊ नका. भोवती गरम हवा फिरायला वाट हवी. झाकण लावा आणि आच मंद करा. चूल असेल तर जळतं लाकूड बाहेर ओढा आणि निखाऱ्यावरच भाजा. झाकण जाड असेल तर त्यावरही चार निखारे ठेवा. म्हणजे वरूनही ऊब लागते.

पहिली पंधरा मिनिटं झाकण उघडू नका. वीस-पंचवीस मिनिटांनी बघा. बिस्किटांच्या कडा तांबूस झाल्या आणि वर भेगा पडल्या की ताटली बाहेर काढा. बिस्किटं हाताला मऊ लागतील. घाबरू नका. गार झाली की ती कडक होतात. कच्ची राहिली असं वाटून पुन्हा आत ठेवली, तर करपतील.

पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम असताना भरली तर वाफ धरते आणि सगळी मऊ पडतात.

असं का होतं?

कारण कळलं की काम चुकत नाही.

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्याला चिकटपणा येतो. म्हणून पोळी लाटता येते. बिस्किटात आपल्याला तो चिकटपणा नको असतो. तूप पिठाच्या कणाकणाला वेढून बसतं आणि पाणी घातलेलं नसतं, म्हणून बिस्कीट खुसखुशीत होतं. शंकरपाळीला आपण मोहन घालतो, ते यासाठीच.

सोडा तापला की त्यातून वायू निघतो. तो वर येताना बिस्कीट फुलतं आणि भेगा पडतात. सोडा जास्त पडला तर तोंडाला कडवट चव येते.

तव्यावर आच फक्त खालून लागते. पातेल्यात मीठ किंवा वाळू तापते, आतली हवा तापते, आणि बिस्कीट सगळीकडून सारखं भाजतं. मोठ्या भट्टीतही हेच होतं.

एवढं सांभाळा

कोंडलेल्या खोलीत निखारे किंवा कोळशाची शेगडी पेटवू नका. त्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस दगावतो. दार-खिडकी उघडी ठेवा. काम झालं की निखारे बाहेर नेऊन विझवा.

पातेलं तासभर तरी तापलेलं राहतं. लहान पोरांना दूर ठेवा. पदर खोचून घ्या.

आणि आणखी एक. बिस्किटात साखर आणि तूप भरपूर असतं. सणाला खावं, रोज पोटभर खाऊ नये. मधुमेह असणाऱ्याने तर फार जपावं.

वाटलं म्हणजे सण झाला

नाताळची खरी गंमत खाण्यात कमी, वाटण्यात जास्त. गोव्यात ख्रिस्ती घरांतून हिंदू शेजाऱ्यांकडे नाताळाच्या गोडधोडाचं ताट जातं. चतुर्थीला आणि दिवाळीला शेजाऱ्यांकडून ताट येतं. आपल्याकडेही ही रीत नवी नाही. दिवाळीचा फराळ जातो, ईदचा शिरखुर्मा येतो. धाडच्या परिसरात पिंपळगाव सराईला सैलानीबाबांचा दर्गा आहे. तिथे होळीच्या सुमारास यात्रा भरते आणि सर्व धर्मांचे लोक येतात. एकमेकांच्या सणाला जाणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे.

रिकामं ताट परत करू नये, असं आपली वडील माणसं सांगतात. निदान मूठभर साखर तरी घालून द्यावी. ताट जातं, ताट येतं. ज्या दोन घरांत ताट फिरतं, त्या घरांत भांडण झालं तरी बोलणं बंद पडत नाही. गावात कधी वाईट बातमी उठली, तर अशी घरं आधी एकमेकांना विचारतात. अफवेवर उठून धावत नाहीत. म्हणून या चार बिस्किटांची किंमत मोठी आहे.

नाताळ येतो तेव्हा ऊसतोडीचा हंगाम चालू असतो. आपल्या भागातली कित्येक जोडपी कारखान्याच्या गावी गेलेली असतात. घरी म्हातारी माणसं आणि लहान पोरं राहतात. सण कोणताही असो, पहिलं ताट अशा घरी जावं. गव्हाणीतल्या बाळाची कथा सांगणाऱ्यालाही तेच आवडेल.

लिहून ठेवा

आपल्या आयांनी कित्येक पदार्थ केले. पण माप त्यांच्या हातात होतं, कागदावर नव्हतं. हात गेला की माप गेलं. आता आपल्याला अक्षर आलं आहे. एका वहीत माप लिहून ठेवा.

नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या. लग्नानंतर त्या अक्षरं शिकल्या. पुढे त्यांनी आपल्या आयुष्याची हकिकत लिहिली. "स्मृतिचित्रे" हे ते पुस्तक मराठी माणसं आजही आवडीने वाचतात. उशिरा शिकलेलं अक्षरही केवढं काम करतं, बघा.

वाचून झाल्यावर करा

1. अर्धा किलो पिठाला तूप किती आणि साखर किती लागेल, ते लिहा.
2. पीठ, तूप, साखर यांचा आजचा भाव लिहा. पाव किलो पिठाच्या बिस्किटांना किती खर्च आला, ते काढा. त्याला 25 ने भागा. एक बिस्कीट केवढ्याला पडलं?
3. निखारे कोंडलेल्या खोलीत का ठेवू नयेत, ते घरात सगळ्यांना सांगा.
4. येत्या सणाला तुमच्या घरचं पहिलं ताट कोणाकडे जाईल? त्या घरचं नाव वहीत लिहा.