वर्गात न रमणारे मूल

जे मूल वर्गात रमत नाही त्याला उनाड ठरवून शिक्षक मोकळा होतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दोष शाळेच्या रचनेत पाहिला. 1945 साली बोर्डी येथे आरंभिलेले बालशिक्षणाचे कार्य त्यांनी पुढे आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील कित्येक आदिवासी मुले शाळेत येत नसत, कारण गुरे राखण्याचे काम त्यांच्याकडे असे. धाक घालून ती आणताही आली असती. पण गुरांकडे कोणी पाहावयाचे? तेव्हा शाळाच कुरणावर गेली. हीच ‘कुरणशाळा’. पाने, बिया, खडे हे तेथले शिक्षणसाहित्य. गुरे पांगली, तर पाठ थोडा वेळ थांबावयाचाच!