नापास माल आणि आपलं मौन

तपासणीत लॉट नापास झाला, म्हणजे आपण पाहिले थोडेच नग आणि निकाल दिला सगळ्यांवर. आम्ही तत्त्वज्ञानवाले याला अनुमान म्हणतो. ते चुकू शकतं. तेव्हा पुरवठादाराने फेरतपासणी मागितली तर चिडायचं कारण नाही, त्याचं बिल अडकलेलं असतं.

खरा घोळ पुढेच होतो. लाल चिठ्ठी लावून माल कोपऱ्यात पडतो आणि कळवत कोणीच नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ४२ सांगतं, की वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारलाच असं धरायचं. कळवलं, तर कलम ४३ प्रमाणे, करारात वेगळं काही नसेल तर, माल परत पोचवायची जबाबदारीसुद्धा आपली नाही. आणि लाइन थांबली म्हणून त्यातलेच नग बसवले, तर? मग नाकारणं अवघड. सहसा भरपाईच मागता येते.