जांभळाचा पाक, गुळातला

मिरगाचा पाऊस पडून गेला की आमच्या लोहा गावच्या बाजारात जांभळाच्या पाट्या दिसू लागतात. ओढ्याकाठची, विहिरीवरची, बांधावरची ही झाडं. कुणी मुद्दाम खत-पाणी घातलेलं नसतं, तरी मोसमात फांद्या वाकतात. फळ मात्र नाजूक. साल पातळ, रस भरपूर. आज तोडलेलं उद्या मऊ पडतं आणि परवा आंबूस वास सुटतो. मोसम जेमतेम तीन आठवड्यांचा. त्यामुळे निम्मं फळ झाडाखालीच सडतं, आणि उन्हाळ्यात दुकानातून रंगीत सरबताच्या बाटल्या विकत आणल्या जातात. जांभळाचा पाक घरी करून ठेवला तर ही नासाडी टळते. आमच्या गल्लीत अजूनही तो होतो आणि गुळातच होतो.

पाकाचं सगळं काम गल्लीतल्या आक्कांच्या हाताखाली चालतं. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. वर चढून फांदी हलवायला नातू, खाली जुनं लुगडं ताणून धरायला आम्ही दोघी-तिघी. मातीत पडलेलं जांभूळ आक्का घेत नाहीत. ठेच लागलेल्या सालीतून यीस्ट आत शिरतं आणि तिथूनच आंबायला सुरुवात होते. घरी आल्यावर फळं मिठाच्या पाण्यात घोळवायची, मग साध्या पाण्याने दोनदा धुवायची. देठ काढायचे, किडकं बाजूला करायचं.

भांडं स्टीलचंच हवं. जांभळात टॅनिन असतं, त्यानेच जीभ तुरट होते. लोखंडाच्या कढईत टॅनिन लोहाशी संयोग पावतं आणि रस शाईसारखा काळा होतो. ॲल्युमिनियमला आंबट रस खातो. स्टीलच्या पातेल्यात किलोभर फळाला अर्धी वाटी पाणी घालून अगदी मंद आचेवर ठेवायचं. उकळी येऊ द्यायची नाही. हाताला सोसवेना इतपत तापलं की साली सुटतात आणि त्यांतला जांभळा रंग रसात उतरतो. गर फिका असतो. रंगाचा खरा साठा सालीत. उतरवून कोमट झालं की हाताने कुस्करायचं, बिया वेगळ्या करायच्या आणि सुती फडक्यातून गाळायचं. मिक्सर लावला तर बी फुटते आणि पाक कडवट होतो.

मग येतो गूळ. पाक जमणं न जमणं इथे ठरतं. साखर कुठूनही आणा, ती सारखीच असते. गुळाची ढेप मात्र दर गुऱ्हाळाची वेगळी. त्यात साधारण ६५ ते ८५ टक्के सुक्रोज, बाकी ग्लुकोज-फ्रुक्टोज, थोडं पाणी, थोडी खनिजं. उसाची जात, जमीन, रस किती आटवला, मळी किती काढली, चुना किती पडला, यावर हे प्रमाण बदलतं. उसाच्या रसातली आम्लता मारायला गुऱ्हाळात चुना घालतात. रंग उजळावा म्हणून काही ठिकाणी सोडा आणि हायड्रॉस नावाचं विरंजकही पडतं.

आक्का दोन वाट्यांत दोन ढेपांचं गुळवणी करतात. एक ढेप पिवळीधमक, दुसरी गडद तपकिरी. दोन्हींत जांभळाचा रस एकेक चमचा सोडतात आणि वाट्या उजेडात धरतात. गडद गुळाच्या वाटीत रस लालसर जांभळा राहतो. पिवळ्या गुळाच्या वाटीत तो क्षणभर तसाच दिसतो, मग कडेकडेने निळसर, राखाडी होत जातो. लिंबाचे चार थेंब पिळले की लाली परत येते. जांभळाचा रंग अँथोसायनिन या द्रव्याचा. ते आम्लात लाल दिसतं, क्षारात निळ्या-हिरव्याकडे झुकतं. म्हणजे त्या ढेपेत चुना किंवा सोडा जास्त होता, हे जांभळानेच सांगितलं. शाळेच्या प्रयोगशाळेत लिटमसवर जे दाखवतात ते इथे स्वयंपाकघरात वाटीत दिसतं. या परीक्षेतून क्षार कळतो, हायड्रॉस कळत नाही. म्हणून ओळखीच्या गुऱ्हाळाचा, गडद रंगाचा, जिभेवर खारट न लागणारा गूळच घ्यावा, असा आक्कांचा दंडक आहे.

गूळ किती घालायचा? अंदाजपंचे केलेला गुळाचा पाक आठवड्यात फसफसतो, कारण टिकण्याचं गणित साधलेलं नसतं. पाकात विरघळलेला गोड भाग वजनाने ६५ टक्क्यांच्या आसपास गेला की यीस्टला आणि बुरशीला वापरता येईल असं पाणी फारसं उरत नाही. जांभळाच्या रसात असा भाग १२ टक्के धरला आणि गुळात ९५ टक्के, तर एक किलो रसाला एक किलो गूळ घालून प्रमाण ५३ टक्क्यांवर येतं. ६५ गाठायला या दोन किलोंतलं साधारण ३५० ग्रॅम पाणी आटवावं लागतं. न आटवता ६५ हवं असेल तर किलोभर रसाला पावणेदोन किलोंच्या वर गूळ लागेल, आणि मग जांभळाची चव शोधावी लागेल. उलट किलोला अर्धाच किलो गूळ घातला तर प्रमाण ४० टक्के. चव सुरेख, पण बाटली फ्रीजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवायची. आमच्याकडे समसमान घेऊन आटवतात. रिकाम्या पातेल्याचं वजन आधीच करून ठेवायचं. मग पाक कुठवर आला ते तराजूच सांगतो.

गूळ किसून रसातच विरघळवतात. वेगळं पाणी घातलं तर तेही आटवणं आलं. विरघळल्यावर पुन्हा गाळायचं; फडक्यात उसाचा चोथा आणि बारीक खडे राहतात.

पाकात औषधी जिन्नस घालायचे तर त्यांची वेळ चुकवून चालत नाही. सुंठ, मिरी, दालचिनी, जिरं ही कडक, सुकी द्रव्यं. त्यांचा गुण उकळून उतरतो. आयुर्वेदातल्या शार्ङ्गधर संहितेत काढ्याचं माप दिलं आहे: द्रव्याच्या सोळा पट पाणी, आटवून आठवा हिस्सा उरवायचा. ठेचलेली सुंठ आणि मिरी अशी आटवून, तो दोन-चार चमचे दाट काढा रसात घालतात. तुळशीची पानं मात्र उकळायची नाहीत. त्यांचा वास उडून जाणाऱ्या तेलाचा आहे. पातेलं उतरवल्यावर धुऊन पुसलेली पानं फडक्याच्या पुरचुंडीत बांधून गरम पाकात दहा मिनिटं बुडवायची आणि काढून टाकायची. त्याच संहितेत चाटणासाठी चूर्णाच्या चौपट साखर किंवा दुप्पट गूळ सांगितला आहे. गुळाचं माप साखरेहून वेगळं असतं, हे जुन्या वैद्यांना पक्कं ठाऊक होतं.

पातेलं पुन्हा आचेवर चढतं आणि पुढचा पाऊण तास कुणी जागचं हलत नाही. आधी तपकिरी फेस येतो, तो डावाने काढत राहायचा. ही गुळाची उरलेली मळी. मग बुडबुडे बारीक होतात आणि एकदम वर चढतात.

“जाळ कमी कर, वर यायलंय,” आक्का सांगतात.

बुडबुड्यांचा आवाज पालटतो. पाण्याची खळखळ जाऊन घट्ट, बुडबुड आवाज येतो. पळी वर उचलली की शेवटचे दोन थेंब चटकन न गळता एकमेकांकडे सरकतात आणि मिळून पडतात. थंड बशीत थेंब टाकून बोट फिरवलं तर वाट क्षणभर उघडी राहून हळूहळू मिटते. इथे थांबायचं.

“तार धरायची वाट बघू नको. तार धरली म्हंजी पाक गेला,” हे वाक्य दर मोसमाला ऐकायला मिळतं. तारेपर्यंत नेलेला पाक बाटलीत गोठतो आणि जांभळाचा वास जळक्या गुळाखाली दबतो. थर्मामीटर असेल तर आधी साध्या उकळत्या पाण्यात बुडवून आकडा पाहावा. पाक त्याहून साधारण ४ अंश वर गेला की ६५ टक्के जवळ आले. लिंबाचा रस याच वेळी घालायचा. आम्लामुळे रंग उजळतो, जंतूंना अटकाव होतो, आणि उष्णतेबरोबर सुक्रोजचं थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज झाल्याने तळाला खडे धरत नाहीत.

काचेच्या बाटल्या दहा मिनिटं उकळून कोरड्या केलेल्या असतात. पाक गरम असतानाच गळ्यापर्यंत भरायचा, झाकण लावून बाटली मिनिटभर उलटी ठेवायची, म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते. फोडल्यावर फ्रीज आणि कोरडा चमचा. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, वर बुडबुडे दिसले किंवा बुरशीचा ठिपका दिसला, तर वरचं काढून उरलेलं वापरू नये, सगळं टाकावं.

जांभूळ मधुमेहावर चांगलं, अशी ख्याती आहे. म्हणून घरातल्या मधुमेही माणसाला हा पाक मोठ्या प्रेमाने दिला जातो. तो देऊ नये. पेलाभर सरबताला लागणाऱ्या ३० मिलि पाकात सुमारे २५ ग्रॅम गोडी असते, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिवसाची मर्यादा सांगितली ती एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, मोठ्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. तिच्या हिशेबात पाकही येतो. गुळात लोह आणि खनिजं आहेत, पण पेलाभरात ती थोडीच. गुळाऐवजी मध वापरायचा तर थंड झालेल्या रसात, फ्रीजमध्ये ठेवून, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला कधीच नाही.

हीच रीत थोड्या फरकाने इतर फळांना लागू पडते. मार्गशीर्षाच्या अखेरीस आमच्या भागातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा भरते तेव्हा बोरांचा हंगाम असतो. बोरात रस कमी, गर जास्त. ती शिजवून चाळणीतून गाळावी लागतात आणि लिंबू जास्त लागतं. तुतीला बीच नाही म्हटलं तरी चालेल, पण तिचा आंबटपणा कमी, म्हणून तिलाही लिंबाचा आधार हवा.

आपल्या भागातल्या बचत गटांना हा पाक विकता येईल, आणि विकावाही. अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी हवी, गोडी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि आंबटपणा पाहायला पीएच पट्ट्या हव्यात. हे काही फार खर्चाचं सामान नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत पात्र प्रकल्पखर्चावर ३५ टक्के अनुदानाची तरतूद केली गेली. आक्कांची नजर आणि ही मोजणी एकत्र आली तर दर बाटली सारखी निघेल. बाटलीवर मात्र ‘साखरमुक्त’ असं छापू नये. फळ कुठलं, गूळ किती टक्के, भरल्याची तारीख कोणती, एवढं खरंखरं लिहावं. ज्या घरात मधुमेही माणूस आहे, तिथे ती बाटली विचार करून उचलली जाईल. आणि ज्या घरात नाही, तिथे रंगीत सरबताची जागा आपल्या ओढ्याकाठचं जांभूळ घेईल.