प्रकाशात प्रकाश मिळविला असता

पट्ट्यांच्या रुंदीचे सूत्र विद्यार्थी बिनचूक लिहितात. पण ‘काळ्या पट्ट्यातला प्रकाश गेला कोठे?’ असे विचारले, की वर्ग गप्प होतो. मला हा प्रश्न सूत्राहून मोलाचा वाटतो.

दोन बारीक फटींतून निघालेल्या लाटा पडद्यावरील एका बिंदूशी भेटतात, तेव्हा बहुधा एकीला थोडे अधिक अंतर कापावे लागते. हा फरक एका पूर्ण तरंगलांबीचा असेल, तर शिखरावर शिखर येते. अर्ध्या तरंगलांबीचा असेल, तर शिखर खळग्यात पडते आणि तेथे अंधार होतो. आता एक फट झाका. तोच काळा बिंदू उजळतो! १८०३ मध्ये थॉमस यंग यांनी सूर्यकिरणात सुमारे एक-तीसांश इंच रुंदीची कागदी पट्टी धरली. तिच्या एका कडेचा प्रकाश अडविताच सावलीतील पट्टे नाहीसे झाले.

ऊर्जा मात्र नष्ट होत नाही. उजळ पट्ट्याच्या मध्यावर तीव्रता एका फटीच्या दुप्पट नव्हे, चौपट असते, काळ्यात शून्य. सरासरी दुपटीचीच.

मग घरातील दोन दिव्यांनी भिंतीवर पट्टे का उमटत नाहीत? त्यांच्या लाटांचा परस्परमेळ इतक्या झपाट्याने बदलतो, की डोळ्याला सरासरीच दिसते. म्हणून एकाच प्रकाशाचे दोन भाग करावे लागतात. हेलियम-निऑन लेसरचा तांबडा प्रकाश, फटींमध्ये ०.२ मिलिमीटर, पडदा २ मीटरवर: पट्टे सुमारे ६.३ मिलिमीटर अंतराने पडतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असलेली तरंगलांबी अशी साध्या मोजपट्टीने काढता येते.