परदेशात नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एजंटला किती पैसे द्यायचे? आधी हे तपासा

गिरगाव असो वा लालबाग, 'दुबईत नोकरी, राहणे-जेवण मोफत' असा मेसेज व्हॉट्सअॅपवर येतो आणि घरात पैशांची जुळवाजुळव सुरू होते. दागिने गहाण टाकण्याआधी नियम समजून घ्या.

एजंट अधिकृत आहे का?
१९८३च्या एमिग्रेशन कायद्यानुसार नोंदणीशिवाय परदेशासाठी कामगार भरती करता येत नाही. एजन्सीचा नोंदणी क्रमांक मागा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर पडताळा. ओळखीतल्या मध्यस्थाच्या हातात पैसे देऊ नका.

फी किती?
कमाल ३०,००० रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. म्हणजे एकूण ३५,४०० रुपये. पावती घ्याच.

ईसीआर म्हणजे काय?
दहावी पास नसलेल्यांना साधारणपणे ईसीआर पासपोर्ट मिळतो. त्यांना सौदी, कुवेत, कतार, यूएईसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. मुंबईतले हे कार्यालय बीकेसीतील विदेश भवनात आहे.

'टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो' म्हणाले तर?
तिथेच थांबा. अशा वेळी क्लिअरन्स नसतो आणि कराराची सरकारदरबारी नोंदही नसते. पगार अडला तर दाद मागणे कठीण होते.

विम्याचे काय?
ईसीआर कामगारांना प्रवासी भारतीय बीमा योजना बंधनकारक आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये अधिक कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण मिळते.

अडचण आली तर?
भारतातून टोल फ्री १८००११३०९० वर फोन करा. परदेशात असाल तर 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा. पासपोर्ट, व्हिसा आणि कराराची प्रत जाण्याआधीच घरी ठेवून जा. तक्रार करताना घरच्यांना तीच लागते.